चुन्याचा डबा आणि भुलीचा वायू

आजच्या भाषणाचा विषय तसा पाहिला तर चुना हा आहे. पानाला लावावयाचा, भिंतीला फासावयाचा जो चुना आपल्या घराघरांतून परिचित आहे, त्याचाच एक भाऊबंद शस्त्रक्रियेच्या खोलीत, भूल देण्याच्या यंत्रावर, एका पारदर्शक डब्यात भरून ठेवलेला असतो. टेबलावर निजलेल्या रोग्याचा निःश्वास त्या डब्यातून जातो आणि शुद्ध होऊन पुन्हा त्याच्याच छातीत शिरतो. रोग्याच्या नातेवाइकांना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव ठाऊक असते, भूल देणाऱ्या डॉक्टरांचेही क्वचित असते. ह्या डब्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. वैद्यकशास्त्रानेही पुष्कळ वर्षे ती पुरतेपणी केली नव्हती. ती करणे कसे भाग पडले, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

बडोद्यात बसून हा विषय बोलताना फारसा संकोच वाटण्याचे कारण नाही. ह्याच शहरात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन उघडले आणि प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने त्याची धुरा वाहिली. पुढे शहराबाहेर रणोली येथे १९७३ साली स्थापन झालेल्या गुजरात आल्कलीज ह्या कंपनीचा कारखाना उभा राहिला. तेथे कॉस्टिक सोडा तयार होतो, कॉस्टिक पोटॅश तयार होतो, आणि क्लोरोफॉर्महि तयार होतो. आजच्या कथेत जी पात्रे येणार आहेत, त्यांतील निम्मी ह्याप्रमाणे आपल्या शेजारीच राहतात. ती एकमेकांच्या सहवासात आली म्हणजे काय घडते, हाच आपला प्रश्न आहे.

आरंभ शाळेच्या प्रयोगशाळेपासून करू. चुन्याची निवळी एका परीक्षानळीत घ्यावी आणि काचेच्या नळीने तीत फुंकर घालीत राहावे. क्षणार्धात निवळी दुधासारखी पांढरी होते. आमच्या शाळेत दरवर्षी मुले हा प्रयोग करतात आणि दरवर्षी त्यांना त्याचे नवल वाटते. निःश्वासातील कार्बन डायॉक्साइड, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्लवायू, चुन्याशी संयोग पावून खडू होतो, एवढाच त्याचा अर्थ. हा वायू आणि चुना ह्यांचे नाते प्रथम नीट उलगडून दाखविले ते स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक ह्याने. त्याचा ग्रंथरूप निबंध १७५६ सालचा आहे. ग्लासगो येथील एका चर्चमध्ये दीर्घ उपासनेच्या दिवशी, हवा बाहेर जाण्याच्या वरच्या झरोक्यात त्याने चुन्याच्या निवळीत भिजविलेल्या चिंध्या ठेवल्या आणि भाविकांच्या श्वासाने त्यांच्यावर खडूचा थर चढला, असे सांगतात. शेकडो माणसांच्या प्रार्थनेतून निघालेला तो खडू म्हणजे ह्या कथेचे पहिले पान होय.

भूल देण्याची विद्या त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टन ह्याने ईथरचा जाहीर प्रयोग केला. १८४७ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास ईथर देऊन शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म पुढे आणला. प्रसूतीच्या वेदना शमविणे हे ईश्वराच्या इच्छेविरुद्ध आहे, असा आक्षेप येईल हे ओळखून सिम्प्सनने पवित्र शास्त्राचाच आधार घेतला होता. आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ निद्रा आणली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात म्हटले आहे, त्याकडे त्याने बोट दाखविले. आमच्या कॅथलिक पंथात हा प्रश्न पुढेही विचारला जात होता. १९५७ च्या फेब्रुवारीत पोप बारावे पायस ह्यांनी इटलीतील भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना, वेदनाशमन स्वीकारण्यास ख्रिस्ती माणसाला धर्माची आडकाठी नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला. असो. हा मुद्दा आपल्या वाटेवरचा नव्हे, परंतु तो टाळून पुढे जाणेही मनाला बरे वाटले नाही.

त्या काळी भूल देण्याचे साधन म्हणजे एक रुमाल. त्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकावयाचे आणि तो नाकातोंडाशी धरावयाचा. रोगी खोलीतली हवा घेई आणि खोलीतच निःश्वास टाकी. औषध आणि रोगी ह्यांच्या मध्ये तिसरे कोणी नव्हते. म्हणून रोगी दगावला तर दोष कोणाचा, ह्या प्रश्नाला दोनच उत्तरे संभवत: औषधाचा, किंवा ते देणाऱ्याच्या हाताचा. हा वाद आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर लढला गेला. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेस, डॉक्टर एडवर्ड लॉरी ह्यांच्या आग्रहाने १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. निजाम सरकारने खर्च सोसला, विलायतेहून लॉडर ब्रंटन हे विद्वान आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि निष्कर्ष असा निघाला की, श्वासोच्छ्वासावर लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्मपासून हृदयाला भय नाही. हा निष्कर्ष टिकला नाही. क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे लेव्ही ह्याने १९११ च्या सुमारास दाखवून दिले. एवढा खटाटोप करूनही सत्य निसटले, कारण परीक्षकांची दृष्टी त्यांना अपेक्षित असलेल्या जागीच खिळून राहिली होती. पुढील हकीकत ऐकताना ही गोष्ट ध्यानात असावी.

रुमालाच्या पद्धतीत एक मोठी उधळपट्टी होती. रोगी जे औषध आत घेतो त्यातला फार मोठा भाग निःश्वासाबरोबर जसाच्या तसा बाहेर पडतो. ही गोष्ट लंडनच्या जॉन स्नो ह्यांच्या लक्षात आली. पटकीचा प्रसार दूषित पाण्याने होतो हे १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून सिद्ध करणारे आणि १८५३ साली व्हिक्टोरिया राणीला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देणारे ते हेच स्नो. १८५० च्या सुमारास त्यांनी असा विचार केला की, निःश्वास फुकट न घालविता तोच पुन्हा घेतला तर थोडक्या औषधात दीर्घकाळ भूल राहील. अडचण कर्बाम्लवायूची. तो साचत गेला तर माणूस गुदमरेल. म्हणून त्यांनी निःश्वास कॉस्टिक पोटॅशच्या द्रवातून नेला, कर्बाम्लवायू तेथे शोषून घेतला, प्राणवायूची भर घातली आणि प्रयोग स्वतःवरही करून पाहिला. कल्पना अचूक होती. तथापि ती त्यांच्याबरोबर मागे पडली. १८५८ साली ते वारले आणि रुमाल आणखी अर्धशतक राज्य करीत राहिला.

ही कल्पना पुन्हा जागी झाली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात. १९१५ साली अमेरिकेत सेंट लुई येथे डेनिस जॅक्सन ह्याने कुत्र्यांवर बंद मार्गाने भूल देऊन पाहिली. त्याच वर्षी युरोपच्या रणभूमीवर विषारी वायूंचा वापर सुरू झाला आणि सैनिकांच्या तोंडावर मुखवटे आले. त्या मुखवट्यांच्या डब्यांत कोळशाबरोबर चुना व कॉस्टिक सोडा ह्यांच्या मिश्रणाचे दाणे भरीत. ह्या मिश्रणाला सोडालाइम म्हणतात. दाणे कठीण हवेत, नाहीतर त्यांची भुकटी होऊन ती फुप्फुसात जाईल. पण सच्छिद्रही हवेत, नाहीतर वायू त्यांच्या पोटात शिरणार नाही. हे दोन्ही गुण साधण्याचे कसब युद्धाने शिकविले, त्यात अमेरिकेतील विल्सन ह्या रसायनज्ञाचा वाटा मोठा होता. फॉस्जिनसारख्या प्राणघातक वायूला अडविणे हे ह्या दाण्यांचे मूळ काम होते, हे आपण विसरू नये. कथेत त्याची गाठ पुन्हा पडणार आहे, आणि ती विपरीत रीतीने.

१९२४ साली सू सिटीच्या राल्फ वॉटर्स ह्यांनी ह्या दाण्यांचा डबा भूल देण्याच्या मुखवट्याला जोडला. निःश्वास डब्यातून एका पिशवीत जाई आणि श्वास घेताना त्याच वाटेने परत येई. १९३० साली ब्रायन स्वॉर्ड ह्यांनी दोन नळ्या आणि झडपा बसवून त्याचे चक्र केले: एका नळीने निःश्वास जावा, डब्यातून शुद्ध व्हावा, दुसऱ्या नळीने परत यावा. आज कोठल्याही मोठ्या रुग्णालयात जे यंत्र दिसते, त्याचा सांगाडा हाच आहे. १९३० नंतर सायक्लोप्रोपेन नावाचा महाग आणि स्फोटक वायू वापरात आला, तेव्हा तर बंद चक्रावाचून गत्यंतरच उरले नाही.

आता डब्यात काय चालते ते पाहू. सोडालाइममध्ये सुमारे ८० टक्के विरलेला चुना, सुमारे १५ टक्के पाणी आणि ४ टक्क्यांच्या आसपास कॉस्टिक सोडा असतो. पूर्वी थोडा कॉस्टिक पोटॅशही घालीत. कर्बाम्लवायू आधी पाण्यात विरघळतो, मग चपळ असा कॉस्टिक सोडा त्याला पकडतो आणि चुन्याच्या स्वाधीन करतो. चुना त्याचा खडू करतो आणि कॉस्टिक सोडा मोकळा होऊन पुढच्या कामाला लागतो. हमालाने मालगाडीतून पोती उतरवून गोदामात टाकावीत आणि रिकाम्या पाठीने परत यावे, तसा हा प्रकार आहे. ह्या क्रियेत उष्णता निर्माण होते, डबा हाताला कोमट किंवा गरम लागतो. विश्रांतीत असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे तासाला १२ लिटर कर्बाम्लवायू बाहेर टाकतो. १०० ग्रॅम सोडालाइम फार तर २५ लिटरांच्या आसपास शोषू शकते. म्हणजे शंभर ग्रॅमचा हिशेब जेमतेम दोन तासांचा झाला, आणि प्रत्यक्षात तेवढाही पदरात पडत नाही. दाणे संपत आले हे कळावे म्हणून त्यांत एक रंगद्रव्य मिसळतात. पांढरे दाणे जांभळे होऊ लागले की ते बदलावयाचे.

अशी ही सोय. ह्या सोयीमागे एक गृहीत होते, आणि ते इतके स्वाभाविक वाटे की त्याचा उच्चार करण्याचीही कोणाला गरज भासली नाही. ते असे की, डबा फक्त कर्बाम्लवायू घेतो. भुलीच्या वायूशी त्याला कर्तव्य नाही.

हे गृहीत ज्या औषधाने मोडले त्याचे नाव ट्रायक्लोरोएथिलीन, व्यवहारातले नाव ट्रायलीन. कारखान्यांत धातूच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी हा द्रव वापरीत. त्याच्या सहवासात काम करणाऱ्या काही कामगारांच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली आढळली. १९१५ साली जर्मनीत प्लेस्नर ह्याने ते पाहून उलट असा विचार केला की, चेहऱ्याच्या ज्ञानतंतूच्या असह्य कळांवर हेच औषध म्हणून का देऊ नये? आणि ते दिले गेलेही. १९४० नंतर, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, लंडनच्या लँग्टन ह्यूअर ह्यांनी ट्रायलीन भूल देण्यासाठी रूढ केले. ते स्वस्त होते, थोडे पुरत असे, आणि मुख्य म्हणजे ईथरप्रमाणे पेट घेत नसे. क्लोरोफॉर्मशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात निळा रंग घालीत. बाँबगोळ्यांच्या दिवसांत न पेटणारे औषध मिळाले, ही गोष्ट लहान नव्हती.

१९४४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयातून एक चमत्कारिक वृत्तान्त प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया नीट पार पडलेले रोगी एकदोन दिवसांनी ओठांभोवती बधिरपणा आल्याची तक्रार करू लागले. बधिरपणा चेहराभर पसरे, ओठांवर पुटकुळ्या उठत, काहींचे डोळे हलविणारे तंतूही लुळे पडले. मृत्यूही घडले. शस्त्रक्रियेचे अवयव निरनिराळे, रोग निरनिराळे. समान होते ते भूल देण्याचे यंत्र. आणि ह्याहून गोंधळात टाकणारी गोष्ट पुढेच होती. बाधा झालेल्यांत असेही रोगी होते की ज्यांना ट्रायलीन मुळी दिलेच नव्हते. त्यांना दुसऱ्याच औषधाची भूल दिली होती. मात्र ज्या डब्यातून त्यांचा श्वास फिरला, त्या डब्यातून पूर्वी ट्रायलीन गेलेले होते.

येथे एक क्षण थांबावे असे मला वाटते. हैदराबादचे आयोग ह्या रुग्णालयात बसले असते तर त्यांनी काय केले असते? त्यांनी औषध तपासले असते. औषध शुद्ध होते. भूल देणाऱ्याचा हात तपासला असता. हात कुशल होता. रुमालाच्या दिवसांत जी तिसरी वस्तू अस्तित्वातच नव्हती, ती आता औषध आणि रोगी ह्यांच्या मध्ये येऊन बसली होती, आणि अपराध तेथे होता. ज्यांना ट्रायलीन मिळाले नव्हते त्या रोग्यांनीच खरे तर तपासाची दिशा दाखविली. विष डब्यात तयार होत होते आणि डब्यात मुक्काम करून राहत होते.

रसायनशास्त्राच्या भाषेत त्याचा उलगडा थोडक्यात होतो. ट्रायलीनच्या रेणूत कार्बनचे दोन, क्लोरीनचे तीन आणि हायड्रोजनचा एक अणू असतो. सोडालाइममधील तीव्र अल्कली, विशेषतः डबा तापलेला असताना, त्यातून एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन ओढून घेते. मागे उरते ते डायक्लोरॅसिटिलीन, चेहऱ्याच्या ज्ञानतंतूवर घाला घालणारे जहाल विष. ते अस्थिरही असते, आणि हवेत फुटून त्यातून कार्बन मोनॉक्साइड व फॉस्जिन निर्माण होतात. होय, तेच फॉस्जिन. सैनिकाला ज्याच्यापासून वाचविण्यासाठी ह्या दाण्यांचे मुखवटे बांधले, ते ह्या दाण्यांच्याच कृतीने रोग्याच्या श्वासमार्गात उत्पन्न होऊ शकत होते.

त्यानंतर ट्रायलीन आणि सोडालाइम ह्यांची भेट होऊ द्यावयाची नाही, असा दंडक झाला. दोन्ही एकाच वेळी चालू करता येऊ नयेत म्हणून भूल देण्याच्या यंत्रांवर खिट्टीची योजनाही करण्यात आली. परंतु ट्रायलीन स्वतः हद्दपार झाले नाही. डब्याशिवाय, उघड्या पद्धतीने, ते पुढे कितीतरी वर्षे वापरले गेले; १९५५ पासून इंग्लंडमध्ये सुइणींना ते प्रसूतीच्या वेळी देण्याची अनुज्ञा होती. ही गोष्ट न्यायाची झाली असे मी म्हणेन. दोघे वेगवेगळे असताना ज्या उपद्रवाचा मागमूस नाही, तो दोघांच्या संगतीत उपजत असेल, तर दोघांना वेगळे करणे हाच त्यावरचा उपाय.

ह्यानंतर बराच काळ शांततेत गेला. १९५६ साली हॅलोथेन आले. तेही सोडालाइममध्ये किंचित विघटन पावते, परंतु त्याचा त्रास झाल्याचे दिसले नाही. मग एन्फ्लुरेन आले, आयसोफ्लुरेन आले. सोडालाइमचे प्रकरण ट्रायलीनपुरतेच होते, ते मिटले, अशी समजूत दृढ झाली. फक्त सेव्होफ्लुरेन नावाचा एक वायू १९७० च्या सुमारास अमेरिकेत तयार झाला तेव्हा तो सोडालाइमपाशी टिकत नाही असे आढळले आणि पुष्कळ वर्षे तो बाजूला पडून राहिला. जपानने तो १९९० साली वापरात आणला, अमेरिकेत १९९५ साली परवानगी मिळाली. त्याच्या विघटनातून जे द्रव्य निघते त्याला शास्त्रज्ञांनी नुसते ‘कंपाउंड ए’ असे नाव दिले आहे. उंदरांच्या मूत्रपिंडांना ते घातक ठरले. माणसाच्या बाबतीत तशी इजा सिद्ध झाली नाही. तरीही अमेरिकेत हा वायू देताना ताज्या वायूचा प्रवाह फार कमी ठेवू नये, अशी सूचना औषधाच्या पत्रकावर छापली गेली. कोट्यवधी लोकांना हे औषध आजवर दिले गेले आहे.

खरा धक्का दुसरीकडून बसला. १९९० च्या सुमारास अमेरिकेतून अशी वृत्ते येऊ लागली की, भूल दिलेल्या काही रोग्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड आढळतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबे ज्या वायूने मरतात, तो हा वायू. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत शेगडी नाही, धूर नाही. मग हा आला कोठून? पुन्हा एक विचित्र खूण सापडली. ही प्रकरणे बहुधा सोमवारी सकाळी, दिवसाच्या पहिल्याच शस्त्रक्रियेत घडत.

सोमवारचा अर्थ लागला तेव्हा कोडे सुटले. शनिवारी काम आटोपल्यावर यंत्रावरील प्राणवायूची चावी एखादे वेळी उघडीच राही. कोरडा वायू रविवारभर डब्यातून वाहत राही आणि दाण्यांतील पाणी उडवून नेई. मघाशी सांगितलेले ते १५ टक्के पाणी केवळ कर्बाम्लवायू विरघळविण्यासाठी नाही, तीव्र अल्कलीला आवर घालण्यासाठीही आहे. पाणी गेले की अल्कली मोकाट सुटते आणि समोर येणाऱ्या भुलीच्या वायूचाच रेणू फोडू लागते. डेस्फ्लुरेन, एन्फ्लुरेन आणि आयसोफ्लुरेन ह्यांच्या बाबतीत त्या मोडतोडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. डेस्फ्लुरेनपासून सर्वांत अधिक. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे निश्चित केले. दाणे जवळजवळ पूर्ण सुकल्यावाचून हा प्रकार होत नाही, ओले दाणे निरुपद्रवी असतात, असेही त्यांतून दिसले.

ह्यातली भीती अशी की, धोक्याची सूचना देणारे काहीच नव्हते. दाणे संपले की जांभळे होतात, पण सुकले म्हणून सोडालाइम रंग बदलत नाही. ते ताज्यासारखेच पांढरेशुभ्र दिसते. इतकेच काय, संपलेले जांभळे दाणेही रात्रभर पडून राहिले तर पुन्हा फिकट होऊन फसवू शकतात. रोग्याच्या बोटाला लावलेले प्राणवायू मोजण्याचे साधन, जपानच्या ताकुओ आओयागी ह्यांच्या १९७० नंतरच्या कल्पनेतून निघालेले आणि असंख्य जीव वाचविणारे, तेही येथे निरुपयोगी. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच दिसते. रोगी तर निद्रिस्त. डोके दुखते, घेरी येते, असे सांगणार कोण? पहारेकरी सर्व जागेवर होते आणि चोर त्यांच्या देखत आत गेला होता.

अमेरिकेत बॅरालाइम नावाचे दुसरे एक शोषक चलनात होते, त्यात चुन्याबरोबर बेरियमचा हायड्रॉक्साइड असे. कोरडे झालेले बॅरालाइम आणि सेव्होफ्लुरेन ह्यांच्या संयोगात इतकी उष्णता निघे की प्रयोगांत डब्याचे तापमान दोनशे अंशांच्या पलीकडे गेले. काही रुग्णालयांत यंत्राने प्रत्यक्ष पेट घेतला. २००४ साली ते बाजारातून मागे घेण्यात आले. ज्वालाग्राही ईथर व सायक्लोप्रोपेन जाऊन शस्त्रक्रियागृह आगीपासून मुक्त झाले असे मानण्याच्या काळात ही आग चुन्याच्या डब्यातून निघाली, ह्याला काय म्हणावे!

ह्या सर्व प्रकरणांत अपराधी एकच आढळतो, तो म्हणजे तीव्र अल्कली: कॉस्टिक पोटॅश सर्वांत दांडगा, कॉस्टिक सोडा त्याच्या खालोखाल. चुना बिचारा निर्दोष. मग त्या चपळ हमालाला कामावरून काढून टाकले तर? हा विचार बेलफास्टमधील संशोधकांनी तडीस नेला. १९९९ साली त्यांनी ॲम्सॉर्ब नावाचे शोषक जाहीर केले. त्यात मुख्यतः विरलेला चुना, ओल धरून ठेवण्यासाठी थोडे कॅल्शियम क्लोराइड आणि दाणे घट्ट राहावेत म्हणून आणखी एकदोन पदार्थ आहेत. कॉस्टिक सोडा नाही, पोटॅश नाही. सुकले तरी ते भुलीच्या वायूला हात लावीत नाही. कार्बन मोनॉक्साइड नाही, कंपाउंड ए नाही. जोसेफ ब्लॅकच्या चिंध्यांवर जो चुना होता, जवळजवळ त्याच्याकडेच विद्या फिरून आली. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: असा चुना तेवढ्याच वजनाच्या सोडालाइमपेक्षा कमी वायू शोषतो, तो लवकर संपतो आणि महागही पडतो. काही कारखानदारांनी मधला मार्ग काढला, पोटॅश वगळला आणि सोड्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आणले.

२००५ साली अमेरिकेतील भूल-सुरक्षा प्रतिष्ठानाने तज्ज्ञांची परिषद बोलावली आणि जेथे जुने सोडालाइम वापरावयाचे असेल तेथे पाळावयाचे नियम सांगितले. त्यांत गूढ असे काही नाही. काम संपताच वायूच्या चाव्या बंद कराव्या. डब्यातील माल ठराविक दिवशी, निदान सोमवारी सकाळी, संपूर्ण बदलावा. अर्धा काढून अर्धा ठेवू नये. चावी किती वेळ उघडी राहिली ह्याविषयी शंका आली तर रंगावर विसंबू नये, माल फेकून द्यावा. सोडालाइमचा एक डबा वाचविण्याची काटकसर येथे उपयोगाची नाही, हे आपल्याकडील मध्यम व लहान रुग्णालयांच्या चालकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण ह्या कामाचा भार बहुधा एखाद्या कमी पगाराच्या तंत्रज्ञावर असतो आणि मालाची मागणी मंजूर करणारा निराळाच असतो.

हा प्रश्न आता मागे पडला असे मात्र नाही. भुलीचे वायू आकाशात जाऊन पृथ्वीची उष्णता वाढवितात, हे अलीकडे सर्वांच्या ध्यानी आले आहे. एक किलो डेस्फ्लुरेन शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे अडीच हजार किलो कर्बाम्लवायूइतकी उष्णता कोंडते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून, वैद्यकीय दृष्ट्या अगदी अपरिहार्य असल्याखेरीज, त्याचा वापर बंद केला आहे. इतर वायूंच्या बाबतीत उपाय म्हणजे ताज्या वायूचा प्रवाह शक्य तितका कमी ठेवणे आणि रोग्याचाच श्वास पुन्हा पुन्हा फिरविणे, अर्थात १८५० सालची स्नो ह्यांचीच कल्पना. प्रवाह कमी ठेवला की निःश्वासाची ओल चक्रातच राहते आणि दाणे सुकत नाहीत, हा एक लाभ. परंतु सगळा श्वास डब्यातूनच फिरू लागल्याने डब्यावरचा भार वाढतो, दाणे लवकर संपतात, आणि सेव्होफ्लुरेनचे जे काही विघटन होते ते मार्गातच साचत राहते. म्हणून जेथे तीव्र अल्कली नसलेला चुना भरला आहे, तेथे अगदी मंद प्रवाहही निर्धास्तपणे ठेवता येतो. जेथे जुने सोडालाइम आहे, तेथे तो ठेवताना भूलतज्ज्ञाला दाण्यांची ओल, डब्याची उष्णता आणि वारसुद्धा लक्षात ठेवावा लागतो.